हडकोचे कर्ज आणि गटारात उतरणारा माणूस
(रेल्वे कामगारांच्या शाखा-सभेत सरचिटणीसांनी केलेले भाषण)



हडको म्हटले की आपल्याला घरकुले आठवतात. २५ एप्रिल १९७० रोजी केंद्र सरकारने हे महामंडळ काढले ते घरबांधणीसाठीच. पण घराला पाणी नाही, सांडपाण्याला वाट नाही, तर ती वस्ती कसली? म्हणून १९८९ पासून हडको पाणीपुरवठा, मलनिःसारण आणि कचऱ्याच्या योजनांनाही कर्ज देऊ लागली.

खाजगी सावकार या कामाला सहसा पैसा देत नाही. जमिनीत पुरलेल्या नळातून नफा निघायला पंधरा-वीस वर्षे लागतात. सार्वजनिक महामंडळ रोखे काढून पैसा उभा करते आणि राज्य सरकारच्या हमीवर लांब मुदतीने देते. हे काम सार्वजनिक क्षेत्राचेच आहे, असे आम्ही ठामपणे मानतो.

परंतु प्रत्येक काम कर्जावर होत नाही. पाटीचे संडास बंद करून डोक्यावरून मैला वाहणे थांबवायची केंद्राची योजना १९८०-८१ मध्ये सुरू झाली. पुढे तिला हडकोच्या कर्जाची जोड मिळाली. गरिबातल्या गरीब कुटुंबासाठी हिशेब असा होता : अनुदान ४५ टक्के, कर्ज ५० टक्के, पदरचे ५ टक्के. ज्याच्या घरी दोन वेळची भ्रांत, तो संडासासाठी कर्ज कसे काढणार? राज्येही हमी द्यायला कचरत. अखेर २००८ मध्ये कर्ज वगळले. केंद्राने ७५, राज्याने १५ आणि कुटुंबाने १० टक्के द्यायचे ठरले. यातून धडा स्पष्ट आहे. जिथे पाणीपट्टी येते तिथे कर्ज, जिथे माणसाची अब्रू सोडवायची तिथे सरकारी तिजोरी.

आपल्या रुळांचेच पाहा. डब्यातली घाण रुळांवर पडे आणि आपलाच सफाई बांधव ती उचले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेला ही प्रथा मुदत ठरवून बंद करण्यास बजावले. डब्यांत जैव-शौचालये बसली ती सार्वजनिक पैशातून; त्यासाठी कोणा प्रवाशाला कर्ज काढावे लागले नाही. मात्र टाकी तुंबली की साफ करणारा हात बहुधा कंत्राटी कामगाराचाच असतो.

२०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे गुन्हा ठरवले. तरी माणसे मरतच राहिली. २०२३ मध्ये न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. आम्हांला भरपाई नको, माणूस जिवंत हवा.

२०१७ मध्ये हडकोचे समभाग बाजारात आले. भागधारक नफा मागणारच. म्हणून आपण आपली मागणी मांडलीच पाहिजे : मलनिःसारणाच्या प्रत्येक कर्जाच्या करारात उपसा-यंत्र, संरक्षक साधने आणि सफाई कामगाराला कायम नोकरी या अटी घाला. नळ जमिनीत पुरण्यासाठी पैसा द्या, माणूस पुरण्यासाठी नव्हे. हा ठराव आपल्या प्रत्येक शाखेने, आणि टपाल खात्यातील बांधवांनीही, संमत करून महासंघाकडे पाठवावा, ही विनंती.

कामगार एकजुटीचा विजय असो!