कानाची शस्त्रक्रिया आणि चेहऱ्याचा मज्जातंतू
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



गतवर्षी याच मंडपात गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव चालू असता एक आजीबाई मला हलकेच म्हणाल्या, "गुरुजी, नातीला ऐकू येत नाही. कानाचे ऑपरेशन सांगितले आहे. पण त्याने तोंड वाकडे होते म्हणे. मुलगी बहिरी राहिली तरी चालेल, वाकड्या तोंडाची नको." मी वैद्य नव्हे, मॅट्रिक झालेला शाळामास्तर. त्या मुलीच्या आईवडिलांसमवेत रुग्णालयात गेलो, डॉक्टरांस प्रश्न विचारले आणि जे उमजले ते आज निवेदन करतो.

आजींची भीती अगदीच निराधार नव्हती. चेहऱ्यास हालचाल देणारा मज्जातंतू कानशिलाच्या हाडातील एका अरुंद नलिकेतून जातो. सोळाव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञ फॅलोपिओ याचे नाव त्या नलिकेस मिळाले आहे. दोन वळणे घेऊन ती वाट कानामागे खाली उतरते. कॉक्लिअर इम्प्लांट बसविताना शल्यविशारद कानामागील हाड कोरीत नेमका या तंतूच्या शेजारून आत शिरतो. एका अंगास हा तंतू, दुसऱ्या अंगास जिभेच्या चवीचा बारीक तंतू आणि मधली फट जेमतेम दोन-चार मिलिमीटरांची! तेथून विद्युत्‌तारांची जुडी कॉक्लिया नामक शंखाकृती अवयवात सरकवावयाची असते. कॉक्लिया जन्मतःच प्रौढाएवढी असते, हे आपले भाग्य. परंतु तान्ह्या मुलाच्या कानामागील हाडाचा उंचवटा वाढलेला नसल्याने तंतू बाहेर पडतो ती जागा त्वचेच्या फार जवळ येते. तेव्हा पहिली चीरसुद्धा जपूनच द्यावी लागते.

बहुतेकांत तंतू ठरल्या वाटेने जातो. मात्र ज्या मुलांचा अंतर्कर्णच सदोष घडलेला असतो, त्यांच्यात तो पुढे सरकलेला, दुभंगलेला किंवा हाडाच्या आवरणावाचून उघडा आढळण्याचा संभव अधिक. १७९१ साली मोंदीनी या इटालियन विद्वानाने एका बहिऱ्या मुलाच्या कॉक्लियेस अडीचऐवजी दीडच वेढे असल्याचे दाखविले. पण तो मुलगा मृत्यू पावल्यावर! आज जिवंत बालकाच्या कानातील रचना शस्त्रक्रियेपूर्वी पाहता येते. सी. टी. स्कॅन एक मिलिमीटरहूनही पातळ कापांत हाडाची नलिका दाखवितो. एम. आर. आय. प्रत्यक्ष तंतू दाखवितो. श्रवणाचा तंतू आहे की नाही हेही त्यातच कळते. तो मुळीच नसेल, तर उपकरणाचा उपयोग होईलच असे नाही. म्हणून दोन्ही तपासण्या सांगितल्या की "दुहेरी खर्च कशाला?" असे म्हणू नये.

आमच्या त्या मुलीच्या चित्रांत डाव्या बाजूचा तंतू बराच पुढे आलेला निघाला. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखविले. माझ्या डोळ्यांस ती राखाडी रेघच. ते म्हणाले, "आधी कळले, आता आम्ही याला सांभाळून जाऊ." त्यांनी उजवा कान निवडला. शस्त्रक्रिया चालू असता तंतूस धक्का लागताच इशारा देणारे यंत्र चेहऱ्यास जोडलेले होते. मुलीचा चेहरा आज सरळ आहे. उपकरण सुरू केल्यावर एका तारेच्या प्रवाहाने डोळ्याची पापणी फडफडू लागली, तेव्हा ती एक तार बंद ठेवण्यात आली. हाक मारली की ती वळून पाहते; बोलणे मात्र सावकाश येत आहे, त्यासाठी आईस रोज तास-दीड तास तिच्यापुढे बसावे लागते.

एक कबुली देतो. नोकरीच्या आरंभी माझ्या वर्गातील एक मुलगा उत्तरे देत नसे. त्यास मठ्ठ समजून मी मागील बाकावर बसविले. त्यास ऐकू येत नव्हते, हे मला दुसऱ्या वर्षी समजले.

आणखी एक विधान काहींस रुचणार नाही. जवळच्या नात्यातील विवाहांत जन्मजात बहिरेपणा अधिक आढळतो. मामेबहिणीशी लग्न ठरविताना आपल्या ज्ञातीत याचा विचार होत नाही.

सरकारच्या योजनांतून या उपकरणास साहाय्य मिळते. पण जन्मतः बहिऱ्या बालकांस ते अगदी लहान वयातच मिळते, म्हणून तपासणी लांबवू नये. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग संस्थेत चौकशी करावी. जाताना स्कॅनचा नुसता अहवाल नव्हे, चित्रेही बरोबर न्यावीत. ज्यांस अर्ज लिहून हवा असेल त्यांनी भोजनानंतर मला भेटावे. मी मंडपाच्या दाराशी बसेन.