विंचूदंश आणि रुग्णाच्या उशाशी झालेले संशोधन
(वार्षिक सभेतील व्याख्यान)



अहवालवाचनानंतर एखाद्या वैद्यकीय विषयावर चार शब्द बोलण्याचा आपल्या सभेचा प्रघात आहे. यंदा आम्ही विंचूदंश हा विषय घेतला आहे. विषय जुना आहे, घरोघरी ठाऊक आहे, आणि नेमक्या याच कारणाने त्याच्याकडे दुर्लक्ष होत आले आहे. जालना जिल्ह्यात पऱ्हाट्यांचे ढीग, कडब्याच्या गंजी, दगडमातीच्या भिंती आणि गोठे यांच्या सान्निध्यात राहणाऱ्या कुटुंबास विंचू काही अपरिचित नाही. दंश होतो तो बहुधा सरपण काढणाऱ्या हाताला, अनवाणी पायाला किंवा जमिनीवर निजलेल्या लेकराला. या दंशाने मृत्यू कसा येतो व तो कसा टाळता येतो, हे ज्या वैद्याने जगाला दाखवून दिले तो याच जिल्ह्याच्या मातीतला आहे, ही गोष्ट मात्र आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसावी.

डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा जन्म १९५१ साली देहेड या गावी झाला. त्या वेळी जालना जिल्हा अस्तित्वात नव्हता. हा मुलूख हैदराबाद राज्याच्या औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे, आणि आपला जिल्हा १ मे १९८१ रोजी निर्माण झाला. अत्यंत हलाखीत, मोलमजुरी करीत शिकलेल्या या मुलाने नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली. तो सारा प्रवास ‘बॅरिस्टरचं कार्टं’ या त्यांच्या आत्मकथनात आला आहे, म्हणून येथे त्याचा विस्तार करीत नाही. आमचा विषय १९७६ पासून सुरू होतो. त्या वर्षी ते महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तो भाग तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होता; आज त्यास रायगड म्हणतात.

कोकणातील तांबडा विंचू आकाराने लहान असतो. आपल्याकडे लोक भितात ते मोठ्या काळ्या इंगळीला. वास्तविक तिचे विष तुलनेने सौम्य असते, आणि जीव घेतो तो हा लहानसा तांबूस प्राणी. मुले दंशानंतर काही तासांत घामाने न्हाऊन निघत, ओकत, हातपाय बर्फासारखे गार पडत, पुढे तोंडातून गुलाबी फेस येई आणि श्वास कोंडून ती दगावत. फुफ्फुसात पाणी साचून हे मृत्यू होतात, असे डॉ. मुंडले यांनी १९६१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये नोंदवून ठेवले होते. परंतु पाणी का साचते, हे न कळल्यामुळे उपचार अंदाजाने चालत. गुंगी आणणाऱ्या औषधांचे मिश्रण, स्टेरॉइड, ॲट्रोपिन, असे हाताशी असेल ते दिले जाई. गंभीर रुग्णांपैकी ३० ते ४० टक्के दगावत, असे त्या काळाविषयी सांगितले जाते.

बिरवाडीत प्रयोगशाळा नव्हती. रक्तदाबमापक, स्टेथोस्कोप, घड्याळ आणि कागद एवढीच सामग्री. बावस्करांनी रुग्ण दाखल करून घेतले, त्यांच्या उशाशी रात्रंदिवस बसून नाडी, रक्तदाब, घाम, उलट्या, हातापायांचे तापमान, श्वासाची गती यांच्या नोंदी ठेवल्या. शरीरक्रियाशास्त्रातील संशोधन म्हटले की प्रयोगशाळेतील प्राणी आणि किमती उपकरणे डोळ्यांपुढे येतात. येथे निरीक्षणाचा विषय प्रत्यक्ष रुग्ण होता, आणि निसर्गानेच घडवून आणलेला प्रयोग ओळीने वाचून काढायचा होता. नोंदी क्रमाने लावल्यावर त्यांत एक कथा दिसू लागली. सुरुवातीस उलट्या, भरपूर घाम, लाळ, पुरुषांत व मुलग्यांत लिंगताठरता, क्वचित मंद नाडी. मग गार हातपाय, वाढलेला रक्तदाब, धावती नाडी. आणि त्यानंतर हृदयाची दमछाक. ज्यांना दंशाच्या जागी केवळ असह्य वेदना होत आणि बाकी काही नसे, ते सहसा सुखरूप राहत. ज्यांच्यात सुरुवातीची ती लक्षणे दिसत, त्यांचे हृदय पुढे धोक्यात येई. १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झाले. शीर्षकातच पूर्वसूचक लक्षणे हा शब्द होता, आणि ग्रामीण डॉक्टराच्या दृष्टीने त्याचे मोल फार मोठे आहे. कोणाला घरी पाठवावे व कोणाजवळ जागत बसावे, हे त्याला यंत्राविना ठरवता आले.

येथे जाता जाता एक गोष्ट सांगितली पाहिजे. गावोगावी विंचू उतरवणारे असतात आणि त्यांना यशही येते. याचे कारण वरील नोंदींतच आहे. बहुसंख्य दंशांत वेदनेपलीकडे काही होत नाही आणि ती वेदना काही तासांत आपोआप ओसरते. मंत्र म्हणा वा न म्हणा, फरक पडत नाही. दुर्दैव त्या थोड्या रुग्णांचे, ज्यांचा वाचण्याचा काळ उतरवण्यात निघून जातो.

आता शरीरात काय घडते ते पाहू. आपल्या मज्जातंतूंच्या आवरणात सोडियमच्या कणांना आत घेणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या असतात. संदेश जाताना त्या क्षणभर उघडतात आणि लगेच मिटतात. विंचवाचे विष त्यांना नीट मिटू देत नाही. दार उघडे राहिल्याप्रमाणे मज्जातंतू वारंवार उत्तेजित होतात आणि त्यांच्या टोकांतून रासायनिक द्रव्ये बेसुमार सुटतात. आरंभीचा घाम, लाळ व उलट्या हे ॲसिटिलकोलीनचे कार्य. पुढचे सारे ॲड्रेनॅलिन व नॉरॲड्रेनॅलिन यांचे. इस्राएलमध्ये बेर्शेबा येथे गुएरोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या लघवीत या द्रव्यांचे वाढलेले प्रमाण मोजून दाखवले होते. या स्थितीस ‘स्वायत्त मज्जासंस्थेचे वादळ’ म्हणतात, आणि ज्याने ती एकदा पाहिली आहे त्याला हे नाव अतिशयोक्तीचे वाटणार नाही.

ॲड्रेनॅलिन सर्वत्र एकच काम करीत नाही. ते कोणत्या ग्राहकावर बसते यावर परिणाम ठरतो. आल्क्विस्ट या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९४८ साली या ग्राहकांचे अल्फा व बीटा असे दोन वर्ग मांडले. अल्फा ग्राहक उत्तेजित झाले की रक्तवाहिन्या आवळतात. विंचूदंशात सर्वांगाच्या रोहिण्या एकाच वेळी आवळल्या जातात. हातपाय गार पडतात ते यामुळे. हृदयाला त्या आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलावे लागते. त्याच वेळी नीलाही आवळल्याने परतणारे रक्त वाढते. डावा कप्पा हा भार पेलू शकत नाही, मागे तुंबलेल्या रक्तातील द्रव फुफ्फुसात झिरपतो. शिवाय अल्फा उत्तेजनाने इन्सुलिनचा स्राव दबतो, रक्तातील साखर व मेदाम्ले वाढतात, आणि आधीच थकलेल्या स्नायूचे पोषण बिघडते.

हे एकदा ध्यानात आले की पूर्वीचे काही उपचार घातक का ठरत हेही उलगडते. ॲट्रोपिनने धावती नाडी आणखी धावते आणि घाम थांबल्याने रुग्ण सुधारल्याचा भास होतो. केवळ बीटा ग्राहक रोखणारे औषध दिले तर अल्फाला मोकळे रान मिळते व दुबळे हृदय अधिक दुबळे होते. हवे होते ते अल्फा ग्राहकच रोखणारे काही. बावस्करांनी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. केले आणि ते पुन्हा रायगड जिल्ह्यात परतले. सुरुवातीस त्यांनी रक्तवाहिन्या सैल करणारे सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरले. ते प्रभावी खरे, पण सलाइनमधून थेंब मोजत द्यावे लागते आणि क्षणोक्षणी रक्तदाब पाहावा लागतो. रात्री वीज जाणाऱ्या खेड्यात ते कोण करणार? मग त्यांचे लक्ष प्राझोसिनकडे गेले. उच्च रक्तदाबासाठी वापरात असलेली ही साधी, स्वस्त, तोंडाने घ्यावयाची गोळी अल्फा ग्राहकांनाच नेमकी अडवते. १९८६ मध्ये डॉ. हिंमतराव व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी हा अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. पुढील काळात, जेथे हे औषध वेळेत दिले जाते तेथे, मृत्यूचे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास उतरले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

प्रतिविषाचा प्रश्न साहजिकच कोणी विचारील. मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या परंपरेतून तांबड्या विंचवावरील प्रतिविष तयार झाले. बावस्कर दांपत्याने महाड येथे ७० रुग्णांवर तुलनात्मक चाचणी घेतली; निम्म्यांना केवळ प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन व प्रतिविष. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने ती छापली. प्रतिविष मिळालेले रुग्ण लक्षणीय लवकर बरे झाले. चाचणी एकाच केंद्रातील होती आणि कोणाला काय दिले हे डॉक्टरांना ठाऊक होते, ही तिची मर्यादा आम्ही मानतो. तरीही निष्कर्ष शरीरक्रियेशी सुसंगत आहे. प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला बांधते, म्हणून ते लवकर द्यावे लागते. जे उत्तेजन आधीच पेटले आहे ते शमवण्यास प्राझोसिन हवेच. यास्तव दूरच्या गावातील डॉक्टराने प्रतिविषासाठी रुग्ण पुढे पाठवताना गोळी देऊनच पाठवावा, असे आमचे ठाम मत आहे.

आता आपल्या रुग्णालयाविषयी. विश्वस्त मंडळापुढे आम्ही तीन मागण्या ठेवीत आहोत आणि त्यांतील एकही खर्चिक नाही. अपघात विभागात प्राझोसिनच्या साध्या गोळ्या कायम असाव्यात. हळूहळू विरघळणारा प्रकार येथे उपयोगाचा नाही. मुलांच्या दंडाला बसेल असा रक्तदाबमापकाचा लहान पट्टा रात्रपाळीच्या टेबलावर असावा. मोठ्या पट्ट्याने लहान मुलाचा रक्तदाब खोटा कमी दिसतो, आणि अशा आकड्यावर विसंबणे धोक्याचे आहे. तिसरी मागणी थोडी वेगळी आहे. विंचूदंशाच्या प्रत्येक रुग्णामागे एक छापील पत्रक असावे. त्यावर दंशाची वेळ, येण्याची वेळ, उलट्या, घाम, हातापायांचा गारवा, नाडी, रक्तदाब व श्वास यांची तासातासाची नोंद परिचारिकेने करावी. तिसरी मागणी काहींना कागद वाढवणारी वाटेल. परंतु बिरवाडीत ज्या नोंदींतून उपचार निघाला, त्याहून त्या पत्रकात काही अधिक नाही, आणि मराठवाड्यातील दंशाचे स्वरूप कोकणासारखेच आहे की काही बाबतीत वेगळे, हे आमच्याच रुग्णांच्या नोंदींखेरीज कोणी सांगू शकणार नाही.

औषधाची मात्रा वजनावर ठरते. प्रचलित पद्धतीनुसार दर किलोस ३० मायक्रोग्रॅम तोंडाने, तीन तासांनी प्रतिसाद पाहून पुन्हा, आणि हातपाय कोरडे व उबदार होईपर्यंत पुढे चालू. पहिल्या मात्रेनंतर रुग्णास उठवून बसवू नये, आईने कडेवर उभे धरून फिरवू नये. रक्तदाब एकदम उतरण्याची भीती असते. उलट्यांनी व घामाने गेलेले पाणी भरून काढावे, पण बेताने. फुफ्फुसे आधीच भिजू पाहत असतात.

ग्रामस्थ बंधू-भगिनींना एवढेच सांगावयाचे आहे. दंशाची जागा कापू नका, दोरी आवळू नका. वेदना असह्य असली तरी मूल कोरडे व उबदार असेल तर धीर धरून या. दंशानंतर ओकारी आली, अंग घामाने ओले झाले, हातपाय गार लागले, तर मूल शांत पडून आहे म्हणून निर्धास्त राहू नका. रात्रीचे बारा वाजले असोत की तीन, निघा. येताना विंचू आणण्याची गरज नाही. दंश किती वाजता झाला, तेवढे मात्र कोणी तरी लक्षात ठेवावे. पत्रकावर पहिला रकाना तोच आहे.