जुन्या मूकपटांची भित्तिपत्रके

जुनी नाणी आणि पोस्टाची तिकिटे जमविणारे लोक आपल्या परिचयाचे आहेत. परंतु जी वस्तू जेमतेम आठवडाभर टिकावी एवढ्याच हेतूने छापली गेली, आठवडा सरताच जिच्यावर दुसरी डकविली जावयाची, ती पन्नास-शंभर वर्षांनी शोधून काढणे याला निराळीच चिकाटी लागते. अमेरिकेतील आरंभकाळच्या भावनाप्रधान चित्रपटांची भित्तिपत्रके जमविणारे संग्राहक या जातीचे होत.

या चित्रपटांना ‘मेलोड्रामा’ म्हणत. ग्रिफिथचा १९२० सालचा ‘वे डाउन ईस्ट’ हा त्यांचा उत्तम नमुना. खोट्या लग्नाने फसविली गेलेली तरुणी, तिचे दगावलेले मूल, भर हिमवादळात तिला घराबाहेर काढणारा कर्मठ यजमान आणि शेवटी बर्फाच्या लादीवर मूर्च्छित होऊन धबधब्याकडे वाहत जाणारी लिलियन गिश! मूळ नाटकाच्या हक्कांसाठीच ग्रिफिथने पावणेदोन लक्ष डॉलर मोजले. (हा चित्रपट हॉलीवुडात नव्हे, न्यूयॉर्कनजीक तयार झाला, पण संग्राहक या बाबतीत फारसे काटेकोर नसतात.)

अशा कथेचे सारे आक्रंदन एका कागदावर उतरवावयाचे, तेही रस्त्यापलीकडून दिसेल असे. क्लीव्हलंडच्या मॉर्गन लिथोग्राफ कंपनीसारखे कारखाने हे काम शिळाछापाने करीत. प्रत्येक रंगाला स्वतंत्र शिळा किंवा जस्ताचा पत्रा, आणि एकावर एक अचूक बसविलेले ठसे. म्हणूनच त्या लाल-पिवळ्या रंगांत जी खोली आहे ती पुढच्या यांत्रिक छपाईत आढळत नाही. नेहमीच्या पत्रकाचे माप २७ × ४१ इंच असे. नाट्यगृहाच्या दालनात लावावयाची ‘लॉबी कार्डे’ ११ × १४ इंचांची.

यांतली बहुतेक पत्रके नष्ट झाली. काही भिंतीवरच कुजली, काही दुसऱ्या महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांत गेली. जी उरली ती बहुधा अपघाताने उरली. कुणी थंडी अडविण्यासाठी भिंतीच्या पोकळीत कोंबली, कुणी जमिनीच्या फळ्यांखाली अंथरली.

हा केवळ हौसेचा प्रश्न असता, तर त्यावर इतके बोलण्याचे कारण नव्हते. अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने, म्हणजे ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने, २०१३ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार तेथे निघालेल्या सुमारे ११ हजार दीर्घ मूकपटांपैकी अवघे १४ टक्के मूळ स्वरूपात शिल्लक आहेत. १९३७ साली न्यू जर्सीतील लिटल फेरी येथे फॉक्स कंपनीच्या कोठाराला आग लागली आणि नायट्रेटच्या फिती जळून गेल्या. थीडा बारा या विख्यात नटीचे बहुतेक चित्रपट आज नाहीत. तिच्या १९१७ च्या ‘क्लिओपात्रा’चे तर काही क्षणांचे तुकडेच पाहावयास मिळतात. अशा ठिकाणी भित्तिपत्रक आणि छायाचित्रे एवढाच पुरावा उरतो. हा साक्षीदार मात्र अतिशयोक्ती करणारा आहे. त्याला प्रेक्षक आत ओढावयाचा होता, इतिहास सांगावयाचा नव्हता. त्यावरून चित्रपटाची कल्पना करणाऱ्याने हे ध्यानी ठेवलेले बरे.

आपल्याकडेही तीच कथा. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी आपल्या चित्रपटांची पत्रके स्वतः रंगविली. ‘कल्याण खजिना’ या १९२४ च्या मूकपटाचे पत्रक हे आज उपलब्ध असलेल्या अगदी जुन्या भारतीय पत्रकांपैकी एक मानले जाते.

नकलांचा सुळसुळाट मोठा आहे. भिंग लावून पाहावे: एकसारखे बारीक ठिपके दिसले तर ते बहुधा पत्रकाच्या छायाचित्रावरून छापलेले, शिळाछापात खडूसारखा अनियमित रवा दिसतो. कागद अतिनील प्रकाशात निळसर-पांढरा चमकू लागला, तर तो दुसऱ्या महायुद्धानंतरचा समजावा.

खऱ्या जुन्या पत्रकावर घड्या आणि चिरा असतातच. ते कापडावर चिकटवून बळकट करणे योग्यच. पण काही लोक गेलेला रंगही भरून घेतात आणि नायिकेचा मुखडा नवाकोरा करवितात. त्यापेक्षा फाटका कोपरा बरा.

२०१२ साली पेनसिल्व्हेनियातील बर्विक येथे सापडलेल्या ३३ पत्रकांचा लिलाव झाला. आरंभीच्या बोलपटांची ही पत्रके खळीने एकमेकांना चिकटून त्यांचा जाड गठ्ठा झाला होता. वाफ देऊन ती सोडविली. सर्वांची मिळून पाच लक्ष डॉलरांहून अधिक रक्कम आली. ‘ड्रॅक्युला’सारख्या भयपटांना धनिक धावतात. रडविणाऱ्या चित्रपटांच्या पत्रकांना सहसा तेवढी मागणी नसते, आणि त्यांची लहान लॉबी कार्डे पगारावर जगणाऱ्या संग्राहकालाही अधूनमधून परवडतात.