धावणाऱ्या मुलीचे पाय
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण नेहमी म्हणतो. पण दिसलेले पाय पुढे जपावे कसे, हे त्या म्हणीत सांगितलेले नाही. आज मी आपल्यापुढे अशाच एका मुलीची हकीकत ठेवणार आहे. ती अमेरिकेतली आहे. परंतु वाढत्या वयाच्या मुली सगळीकडे सारख्याच, आणि त्यांच्या आयांची काळजीही सारखीच.

तिचे नाव मेरी डेकर. जन्म ४ ऑगस्ट १९५८ चा, न्यू जर्सी राज्यातला. पुढे कुटुंब कॅलिफोर्नियात राहावयास गेले. अकराव्या वर्षी वेळ जात नाही म्हणून ती माळरानावरच्या एका शर्यतीत उतरली आणि पहिली आली. बाराव्या वर्षी तर तिने एकाच आठवड्यात मॅरेथॉन, म्हणजे बेचाळीस किलोमीटरहून अधिक अंतराची शर्यत, आणि शिवाय आणखी चार शर्यती धावल्या. त्या आठवड्याची अखेर झाली ती आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेने!

त्या काळी बायकांनी लांब धावावे की नाही, यावरच वाद होता. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत झाली, पण ती त्यांच्या प्रकृतीला झेपत नाही असे ठरवून १९६० पर्यंत बंद ठेवली गेली. १५०० मीटर आली १९७२ साली, आणि मॅरेथॉन थेट १९८४ साली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या वेळी मेरी नुकती चौदा वर्षांची झाली होती. वय लहान म्हणून तिला जाता आले नाही. पण पुढल्याच वर्षी मिन्स्क येथे सोव्हिएत संघाविरुद्धच्या सामन्यात या दोन वेण्यांच्या, जेमतेम चाळीस किलो वजनाच्या मुलीने ८०० मीटरमध्ये म्युनिकची रौप्यपदक विजेती निओले साबाइते हिला मागे टाकले. सारे जग तिला ‘लिटल मेरी’ म्हणू लागले.

आणि इथेच दुखण्याला आरंभ झाला. वर्ष-दीड वर्षात ती सुमारे सहा इंचांनी उंच झाली, वजन वाढले, आणि नडग्या-पोटऱ्या असह्य दुखू लागल्या. गुडघ्याखालच्या स्नायूंभोवती एक चिवट आवरण असते. श्रमाने स्नायू फुगतात. आवरण सैल झाले नाही तर आत दाब वाढतो, रक्त नीट खेळत नाही आणि वेदना होतात. घट्ट बांधलेल्या पुरचुंडीत तांदूळ भिजून फुगावेत, तसेच ते. शिवाय नडगीच्या हाडाला बारीक तडेही गेले. १९७६ चे माँट्रियल ऑलिंपिक त्यात हुकले.

मग भेटला न्यूझीलंडचा धावपटू डिक क्वॅक्स. त्यालाही हेच दुखणे होते. ते आवरण चिरून दाब मोकळा करण्याची शस्त्रक्रिया त्याने करून घेतली होती आणि त्यानंतर तो माँट्रियलला रौप्यपदक मिळवून आला होता. त्याच्या सांगण्यावरून मेरीनेही ती शस्त्रक्रिया करवून घेतली. पहा, वर्षानुवर्षांच्या दुखण्याला नाव मिळाले ते ज्याने तेच सोसले होते त्याच्यामुळे!

त्यानंतर ती पुन्हा उभी राहिली. १९८० साली अमेरिकेने मॉस्कोवर बहिष्कार घातला, तेव्हा तेही ऑलिंपिक गेले. १९८२ साली तिने ५,००० मीटर, एक मैल आणि १०,००० मीटर या तिन्हींत जागतिक विक्रम केले. १९८३ साली हेलसिंकी येथील पहिल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत १५०० आणि ३००० मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या.

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मात्र, ३००० मीटरच्या अंतिम शर्यतीत, अनवाणी धावणाऱ्या अठरा वर्षांच्या झोला बडच्या पायात पाय अडकून ती कोसळली. कमरेला मार बसला, उठता येईना. तिने त्या वेळी झोलाला दोष दिला. पुढे वर्षांनंतर दोघी भेटल्या आणि ते किल्मिष राहिले नाही. १९८५ साली झ्यूरिच येथे तिने एक मैल ४ मिनिटे १६.७१ सेकंदांत धावून पुन्हा जागतिक विक्रम केला. १९८६ साली तिला मुलगी झाली. त्यानंतर पुन्हा दुखापती, पुन्हा शस्त्रक्रिया. चार वेळा ऑलिंपिकच्या संघात निवड झाली, पण पदक एकही नाही.

तिच्या आयुष्यातली डागाची गोष्टही सांगितली पाहिजे. १९९६ च्या निवड-स्पर्धेतील तपासणीत तिच्यावर उत्तेजक द्रव्याचा आरोप आला. तिने तो सतत नाकारला, पण १९९९ साली लवादाचा निकाल तिच्याविरुद्ध गेला आणि १९९७ चे एक रौप्यपदक काढून घेण्यात आले.

भगिनींनो, ही हकीकत ऐकून कोणी म्हणेल, “म्हणूनच मुलींनी धावू नये!” हा अर्थ कृपा करून काढू नका. तो १९२८ सालीच काढून झाला आणि खोटा ठरला. लहानपणच्या अतिश्रमांनीच मेरीचे पाय गेले, असेही छातीठोकपणे म्हणता येणार नाही. शरीराच्या घडणीचाही त्यात भाग असतो. पण वाढीच्या वयात हाड घडत असते, आणि त्याला श्रमाइतकीच विश्रांती लागते, हे वैद्यकशास्त्र आज स्पष्ट सांगते.

म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा. मुलीचा पाय रोज एकाच जागी दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल किंवा ती लंगडत असेल, तर “कामाचा कंटाळा” म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. आठवड्यात विश्रांतीचा दिवस असू द्या. श्रम वाढले की ताटातली भाकरी, डाळ, दूध, भाजीही वाढली पाहिजे. घरात मुलाला दुसरी वाढ आणि मुलीला “पुरे आता”, हे धावणाऱ्या मुलीच्या घरी तरी चालणार नाही. आणि सलग तीन महिने मासिक पाळी आली नाही, तर “बरे झाले, कटकट गेली” असे समजू नका. पोटाला कमी पडते आहे, हाडे कमजोर होत आहेत, याची ती खूण असू शकते. लाज बाजूला ठेवून मुलीशी बोला. आई बोलली नाही, तर ती बोलणार कोणाशी?

आपल्या मुली शर्यतीत पहिल्या आल्या की आपण टाळ्या वाजवतो, आणि त्या वाजवाव्यातच. पण “आज पाय दुखतो, मी धावत नाही” असे एखादी म्हणाली, तर तिला भित्री न म्हणता जवळ घेणारे कोणी तरी हवे. ते काम मैदानावरचे मास्तर करोत वा न करोत, आपण केले पाहिजे.