जोडी जमते, जोडी सुटते



साहित्याच्या व्यासपीठावर एका होमिओपॅथने प्रथिनांवर बोलावे, हे जरा वेगळेच. पण आजचा विषय आपल्यापैकी अनेकांच्या घरी फ्रीजच्या दारात ठेवलेला असतो. तो म्हणजे इन्सुलिन.

पेशींना वाढीचा निरोप देणाऱ्या प्रथिनांना वृद्धिघटक म्हणतात. त्यांतली बरीच जोडीने काम करतात. रक्तातल्या प्लेटलेट्समधून येणाऱ्या वृद्धिघटकात दोन साखळ्या गंधकाच्या बंधांनी बांधलेल्या असतात. सुरतेच्या भाषेत सांगायचे तर ट्विस्टिंगमध्ये पीळ दिलेले दोन धागे. पाणी वाढवून ते सुटत नाहीत.

इन्सुलिन या मंडळींचे नातलग. त्याच्या एका चुलत भावाचे नावच 'इन्सुलिनसारखा वृद्धिघटक' असे आहे. पण इन्सुलिनचे दोन रेणू एकत्र येतात ते पिळाविना, नुसते शेजारी टेकून. अशा तीन जोड्या जस्ताभोवती जमल्या की सहांचा गट होतो. ही रचना १९६९ मध्ये ऑक्सफर्डला डोरोथी हॉजकिन यांच्या चमूने उलगडली. त्या चमूत आपले एम. विजयन होते.

शरीरही इन्सुलिन असेच गटाने साठवते, आणि बाटलीतही ते बहुतांशी गटातच असते. काम मात्र एकटा रेणू करतो. मग गट सुटतो कसा? जोडी जमायला दोघांची भेट व्हावी लागते, सुटायला कोणाचीच गरज नसते. सुटे रेणू दहापट विरळ झाले, तर त्यांच्या भेटी शंभरपट कमी होतात. सुटणे मात्र पूर्वीच्याच गतीने चालू राहते. कातडीखाली टोचलेले इन्सुलिन तिथल्या द्रवात पातळ होते, जस्त निघून जाते, गटाच्या जोड्या होतात, जोड्यांचे एकेक रेणू होतात आणि मग ते रक्तात जातात.

याला वेळ लागतो. म्हणून साधे इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगतात. पाळीवरून थकून आलेला कारागीर टोचतो आणि लगेच ताटावर बसतो. साखर आधी चढते, औषध मागून पोचते, आणि रात्री पोट रिकामे झाल्यावर साखर उतरण्याचा धोका राहतो. त्या वृद्धिघटकात इन्सुलिनच्या मानाने दोन शेजारी अमिनो आम्लांचा क्रम उलटा आहे. तीच अदलाबदल इन्सुलिनमध्ये करून १९९६ मध्ये लिस्प्रो आले. त्याची जोडी नीट टिकत नाही, म्हणून ते लवकर काम करते आणि जेवायच्या तोंडावर घेता येते. बाटली बदलली, तर वेळही विचारून घ्या.

संगत वाईटही असते. उन्हात तापले किंवा जोराने हलवले, की रेणूंची घडी विस्कटते आणि त्यांचे न सुटणारे तंतू बनतात. बर्फात गोठले तरी ते वाया जाते. फ्रीज नसेल, तर ओल्या वाळूतल्या मडक्यात, झाकणाच्या कोरड्या डबीत ठेवा. साधे इन्सुलिन गढूळ दिसले, तर टाकून द्या. जे मुळातच दुधाळ असते, ते मात्र टोचण्याआधी तळव्यांत हलके फिरवायचे असते.

पूर्वी इन्सुलिन डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढत. माझ्यासारख्या जैन घरात ही मोठी अडचण होती. १९८२ मध्ये जिवाणूंकडून बनवून घेतलेले मानवी इन्सुलिन बाजारात आले. २००३ मध्ये वोक्हार्टने आपले मानवी इन्सुलिन बाजारात आणले. त्या कंपनीचा कारखाना छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीचे औरंगाबाद) आहे. आमच्या परंपरेत द्रव्याला पुद्गल म्हणतात. पूरण आणि गलन, म्हणजे जुळणे आणि सुटणे, अशी त्या शब्दाची फोड करतात. जुन्यांना इन्सुलिन ठाऊक होते, असा दावा मी करत नाही. पण शब्द चपखल बसतो.

शेवटी होमिओपॅथ म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. माझ्याकडे 'साबूदाण्याच्या गोळ्या द्या, सुई बंद करतो' म्हणत लोक येतात. लहानपणीच ज्यांचे इन्सुलिन बनणे थांबले आहे, त्यांनी सुई बंद केली तर काही दिवसांत प्राणावर बेतते. इतरांनीही मात्रा स्वतःच्या मनाने बदलू नये. माझ्या पेटीत इन्सुलिनला पर्याय नाही. मी गोळ्या देईन, पण सुई सोडवणार नाही.