सरकार हिरवी वीज विकत घेतं, म्हणजे काय घेतं?

(व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



एखाद्या सरकारी कचेरीने दारावर पाटी लावली की ‘हे कार्यालय शंभर टक्के हरित विजेवर चालतं’, तर तुमच्यातला चौकस माणूस लगेच विचारेल, तुमच्या कचेरीला वेगळी तार आली आहे का? आलेली नसते. कोळशाची, धरणाची, वाऱ्याची, उन्हाची सगळी वीज एकाच जाळ्यात शिरते आणि आतून ती एकसारखीच बाहेर पडते. मग पाटी कशाच्या जोरावर लागते? बऱ्याचदा ती नवीकरणीय ऊर्जा प्रमाणपत्राच्या जोरावर लागते. या धंद्यातले लोक त्याला नुसतं ‘आरईसी’ म्हणतात.

ही व्यवस्था समजायला साताऱ्याला जाऊ. ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. समजा तिथल्या एका मालकाने आरईसीची वाट धरली. आधी पुण्यातल्या ‘महाऊर्जा’ या राज्य सरकारच्या संस्थेकडून मान्यता घ्यायची, मग दिल्लीच्या राष्ट्रीय भार प्रेषण केंद्रात नोंदणी करायची. दर महिन्याला मीटरवरून कळतं की जाळ्यात किती वीज गेली, आणि राज्याचं भार प्रेषण केंद्र तसा दाखला देतं. दर एक हजार युनिटमागे एक प्रमाणपत्र मालकाच्या खात्यात जमा होतं. ते कागदावर छापलेलंही नसतं, डीमॅट शेअरसारखी ती एक नोंद असते. दूध काढलं आणि साय वेगळी काढून विकली, असा हा मामला. वीज वितरण कंपनीला साध्या विजेच्या दराने जाते, आणि तिच्या हिरवेपणाची साय विजेच्या एक्स्चेंजवर विकली जाते. साय ज्याने घेतली त्यानेच हिरवेपणा सांगायचा. दूध घेणाऱ्यानेही तो सांगितला तर एकच वाटी दोघांनी प्यायल्यासारखं होईल.

आपल्या देशाला ही युक्ती का करावी लागली? वारा तामिळनाडू, गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक, राजस्थान अशा मोजक्या राज्यांत. दिल्लीने पवनचक्की कुठे उभारायची? पण 2003 च्या वीज कायद्यातल्या कलम 86 ने प्रत्येक राज्याच्या वीज नियामक आयोगाला सांगितलं की एकूण विजेतला ठराविक वाटा अपारंपरिक स्रोतांतून घेण्याचं बंधन घाला. हे बंधन म्हणजे ‘आरपीओ’. महाराष्ट्राच्या आयोगाने 2006 मध्येच असा आदेश काढला होता. पुढे 2008 च्या राष्ट्रीय हवामान कृती आराखड्यात देशासाठी पाच टक्क्यांपासून सुरुवात करून दरवर्षी एक टक्का वाढवत नेण्याची शिफारस आली. ज्या राज्यात वारा नाही त्याने वाऱ्याच्या राज्यातलं प्रमाणपत्र घ्यावं, म्हणजे वाहिन्या न टाकताही बंधन पाळलं जाईल, असा हिशेब होता. केंद्रीय वीज नियामक आयोगाने जानेवारी 2010 मध्ये नियम केले आणि मार्च 2011 मध्ये पहिले सौदे झाले. त्या काळात महिन्याच्या शेवटच्या बुधवारी दुपारी बाजार उघडायचा आणि त्याच दुपारी आटोपायचा.

आता गिऱ्हाईक कोण, ते पाहा. स्वतःची वीज स्वतः निर्माण करणारे कारखाने होते, काही खासगी वितरण कंपन्या होत्या. पण बंधनाचं मोठं ओझं होतं राज्य सरकारांच्या मालकीच्या वितरण कंपन्यांवर, कारण देशातली बहुतेक वीज त्याच वाटतात. म्हणजे हा बाजार सरकारच्या खरेदीवर चालेल, असं गृहीत धरूनच तो उभा केला होता. आणि गिऱ्हाईक दुकानाकडे फिरकलंच नाही.

पवन, ऊस-चिपाडं, बायोमास अशा प्रमाणपत्राचा सुरुवातीचा किमान दर होता 1,500 रुपये आणि कमाल 3,900. सौर प्रमाणपत्राचा किमान दर 12,000 आणि कमाल 17,000. सुरुवातीची काही सत्रं बरी गेली, मग सौदे किमान दरालाच चिकटून राहिले, आणि तरीही माल उठेना. 2015 च्या सुमारास विक्रीविना पडून राहिलेल्या प्रमाणपत्रांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली. प्रमाणपत्र आधी वर्षभर चालायचं. माल पडून राहिला म्हणून मुदत दोन वर्षं केली, मग तीन. दरही उतरवावे लागले. 2017 पर्यंत किमान दर एक हजारावर आला होता. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी 2015 च्या अहवालात राज्यांच्या या थकलेल्या बंधनावर बोट ठेवलं. त्याच वर्षी विद्युत अपीलीय न्यायाधिकरणाने आयोगांना बजावलं की बंधन पाळून घ्या, तूट पुढच्या वर्षावर ढकलण्याची सवलत सरसकट देऊ नका. बाजारात प्रमाणपत्रांचा ढीग पडलेला असताना ‘आम्हाला हरित वीज मिळाली नाही’ ही सबब कशी चालेल?

वितरण कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. दर ठरवण्याच्या सुनावण्यांना जो कधी बसला असेल, त्याने ती ऐकलेली असते. अधिकारी म्हणतो, साहेब, प्रमाणपत्राला पैसे मोजून मला एक युनिटही मिळत नाही. वीज मला वेगळी विकत घ्यावीच लागते. हा खर्च मी बिलात घातला तर ग्राहक ओरडणार, नाही घातला तर कंपनी आणखी खड्ड्यात. तो खोटं बोलत नाही. तुमच्या घरी महिन्याला 200 युनिट वीज लागते असं धरा. वर्षाची 2,400. त्यातल्या तीस टक्क्यांचं बंधन निव्वळ प्रमाणपत्रांनी भागवायचं म्हटलं तर 720 युनिटची प्रमाणपत्रं झाली. युनिटला दीड रुपया, या जुन्या किमान दराने वर्षाला 1,080 रुपये. एवढे पैसे देऊन घरातला पंखा जरासाही जास्त फिरत नाही.

पण त्या अधिकाऱ्याच्या युक्तिवादात एक गोष्ट झाकलेली राहते. खरेदी न केल्याची शिक्षा त्याला खरेदीपेक्षा कितीतरी स्वस्त पडत होती. वीज कायद्याच्या कलम 142 खाली आयोगाचा आदेश मोडला तर दंड एक लाखापर्यंत, आणि चूक चालूच राहिली तर दिवसाला सहा हजारांपर्यंत. वर्षभर रोज सहा हजार लावले तरी बेरीज तेवीस लाखांच्या आत. शंभर कोटी युनिटची तूट असेल तर दहा लाख प्रमाणपत्रं लागतात, आणि 1,500 रुपयांनी त्यांचे होतात दीडशे कोटी. कुठला हिशेबनीस दीडशे कोटींचा चेक फाडेल? अनेक राज्यांच्या नियमांत तुटीइतकी रक्कम वेगळ्या निधीत भरायला लावण्याची सोयही होती, पण ती वापरायला आयोगांचा हात धजावत नव्हता.

आयोग कचरत का होते? मला वाटतं, आजच्या विषयाचं मूळ इथेच आहे. नियम सरकारने केला, नियम मोडणारी कंपनी सरकारची, आणि दंड कुठून वसूल करायचा? बिलातून केला तर तुम्ही-आम्ही भरतो. कंपनीच्या नफ्यातून करायचा म्हटलं तर नफाच नसतो. राज्याच्या तिजोरीतून केला तर तो आपल्याच कराचा पैसा. खासगी कारखान्याने बंधन मोडलं की मालकाच्या खिशाला चाट बसते. म्हणून 2015 मध्ये हिंदुस्थान झिंक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःसाठी वीज निर्माण करणाऱ्या उद्योगांवरचं बंधन कायम केल्यावर उद्योगांना खरेदीचा विचार करावाच लागला. सरकारी कंपनीच्या बाबतीत मात्र दंड एका खिशातून निघून त्याच कोटाच्या दुसऱ्या खिशात जातो.

दरम्यान जग बदललं. 2010 मध्ये सौर विजेचा दर युनिटला सतरा-अठरा रुपयांच्या घरात ठरवावा लागत होता. 2017 मध्ये राजस्थानातल्या भडला इथे लिलावात तो 2.44 रुपयांवर आला. वीजच एवढी स्वस्त झाल्यावर तिच्या हिरवेपणाला वेगळी किंमत कोण देणार? 2020 मध्ये केंद्रीय आयोगाने किमान दर शून्य करायचा आदेश काढला, वाद न्यायाधिकरणात गेला, आणि सौदे थांबले ते नोव्हेंबर 2021 पर्यंत. डिसेंबर 2022 पासून नवे नियम आले. किमान आणि कमाल दर दोन्ही गेले, प्रमाणपत्र विकलं जाईपर्यंत वैध राहू लागलं, आणि जलविद्युत, बायोमास अशा महागड्या स्रोतांना दर हजार युनिटमागे दीड ते अडीच प्रमाणपत्रं मिळू लागली. 2024 मध्ये एका प्रमाणपत्राचा भाव सव्वाशे-दीडशे रुपयांपर्यंत घसरला. सव्वाशेला एक म्हणजे युनिटमागे साडेबारा पैसे.

साडेबारा पैशांनी बंधन भागत असेल तर सरकारी खरेदीला वेग येईलही, आणि आकडे छान दिसतील. पण माझा प्रश्न निराळा आहे. या साडेबारा पैशांमुळे एक तरी नवी पवनचक्की उभी राहते का? बँकेपुढे कर्जासाठी बसलेला उद्योजक या भावाच्या भरवशावर काही दाखवू शकत नाही. जी पवनचक्की आधीच फिरते आहे, तिच्या मालकाला थोडी वरकमाई झाली, इतकंच. खरेदीची पावती खरी, पण त्या पावतीने जगात काहीही वाढलं नाही.

हा प्रश्न एकट्या भारताचा नाही. अमेरिकेत 2005 च्या ऊर्जा कायद्याने केंद्र सरकारच्या खात्यांवर बंधन घातलं: 2007 पासून तीन टक्के, 2010 पासून पाच, आणि 2013 पासून साडेसात टक्के वीज नवीकरणीय हवी. खात्यांना ते प्रमाणपत्रांनीही भागवता येत होतं. मात्र आपल्याच आवारात किंवा सरकारी जमिनीवर वीज निर्माण करून वापरली तर ती दुप्पट धरायची, हे कलम शहाणपणाचं होतं. 2006 मध्ये तिथली पर्यावरण संरक्षण संस्था आपल्या वापराइतकी सगळी हरित वीज खरेदी करणारी पहिली केंद्रीय संस्था ठरली. तरी टीका तीच झाली: वॉशिंग्टनमध्ये वीज वापरायची आणि टेक्सासच्या वाऱ्याची स्वस्त प्रमाणपत्रं घ्यायची, यातून साधलं काय? म्हणून 2021 च्या अध्यक्षीय आदेशात पुढचं पाऊल टाकलं गेलं. 2030 पर्यंत सरकारची सगळी वीज कार्बनमुक्त हवी, आणि तिच्यातली निम्मी तासातासाच्या हिशेबाने. रात्री आठच्या दिव्याला दुपारी बाराचं ऊन दाखवायचं नाही. जानेवारी 2025 मध्ये नव्या अध्यक्षांनी तो आदेश रद्द केला. 2005 च्या कायद्यातलं साडेसात टक्क्यांचं कलम मात्र अध्यक्षांच्या सहीने पुसता येत नाही.

साय विकल्यावर मागे काय उरतं, याचं आइसलँडचं उदाहरण दोन वाक्यांत सांगतो. तिथे जवळजवळ सगळी वीज पाण्याची आणि भूगर्भातल्या उष्णतेची. पण तिची प्रमाणपत्रं युरोपात विकली गेल्यामुळे सरकारी तक्त्यात आइसलँडच्या वाट्याला कोळसा आणि अणुऊर्जा दिसू लागली.

तर मग प्रमाणपत्रं फेकून द्यायची का? मी तसं म्हणत नाही. बंधनात शेवटी थोडी तूट उरली तर ती भरायला प्रमाणपत्र हे चांगलं साधन आहे. पण खरेदीचा क्रम नीट हवा: आधी प्रत्यक्ष वीज, नवी आणि जवळची. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये राळेगणसिद्धीपासून सुरू झाली. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा, त्याची वीज शेतीच्या फिडरला द्यायची, आणि शेतकऱ्याला पंप चालवायला रात्रीऐवजी दिवसा वीज मिळते. इथे हिरवेपणा आणि वीज एकत्र मिळतात, बंधन भागतं, आणि विंचू-काट्याच्या अंधारात मोटर लावायला जाण्याची पाळी टळते. साडेबारा पैशांचं प्रमाणपत्र यातलं काही देत नाही. केंद्राने ऑक्टोबर 2023 मध्ये काढलेल्या अधिसूचनेत 2024-25 साठी 29.91 टक्के आणि 2029-30 साठी 43.33 टक्के अशी उद्दिष्टं ठरवली होती, आणि त्यात अशा विखुरलेल्या छोट्या प्रकल्पांचा वाटा वेगळा काढला होता. ऊर्जा संवर्धन कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीने दंडही तुटीच्या मापाशी जोडला. कागदावर हत्यार आता धारदार आहे.

ते चालवायला लावणं हे ग्राहकांचं काम. दंडाचा पैसा सरकारच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात जाणार असेल, तर सरकारी कंपनीला खरी भीती उरते ती चारचौघांत जाब द्यावा लागण्याची. आणि ती सोय कायद्यातच आहे. वितरण कंपनीने दरवाढीचा प्रस्ताव मांडला की तो वर्तमानपत्रात जाहीर करावा लागतो आणि आयोगाला जनतेच्या हरकती ऐकाव्याच लागतात. पुण्यातल्या प्रयास ऊर्जा गटासारख्या आणि मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी या सुनावण्यांत वर्षानुवर्षं हेच काम केलं आहे. पण त्यासाठी संस्था असावीच लागते असं नाही. हरकत घ्यायला वकील लागत नाही, वीजबिल पुरतं.

तीन प्रश्न लिहून न्या. गेल्या वर्षीचं बंधन किती होतं आणि त्यातली तूट किती राहिली? जे भागलं त्यात प्रत्यक्ष वीज किती आणि प्रमाणपत्रं किती, आणि कोणत्या भावाने? ज्या प्रकल्पांतून घेतलं, त्यातले या खरेदीमुळे नव्याने उभे राहिलेले किती? कंपनीला उत्तर लेखी द्यावं लागतं आणि ते आयोगाच्या आदेशात छापलं जातं. पुढच्या सुनावणीची जाहिरात आली की ती कापून ठेवा, आणि दरवाढीवर बोलण्याआधी तुटीवर बोला.