‘तब्येत सुधारली’ म्हणजे नक्की काय झालं?



सकाळी चिंचपाडा स्टेशनवर उतरले, तेव्हा न्यायला आलेल्या मैत्रिणीनं मिठी मारली आणि म्हणाली, "अगं, दोन वर्षांपूर्वी तब्येत छान होती, आता उतरलीस!" मला हसू आलं. ती उतरवायला मला चौदा महिने लागले, हे तिला कसं सांगणार? म्हणून सगळ्यांनाच सांगते.

आपल्याकडे कुणी जाड झालं की ‘तब्येत सुधारली’ म्हणतात. त्यालाही कारण आहे. नंदुरबार जिल्ह्याचं नाव पेपरात यायचं ते कुपोषणामुळे. आपल्या वर्गातली कितीतरी मुलं पाड्यावरून पायी यायची आणि मधल्या सुट्टीत डबा नसला तर नळाचं पाणी पिऊन परत वर्गात बसायची. त्या दिवसांत अंगावर मांस येणं ही चैनच होती.

पण तीच पिढी आज खुर्चीवर बसली आहे. आपल्यात कुणी तलाठी आहे, कुणी शिक्षक, कुणी दुकानदार. मी पुण्यात दिवसाचे दहा तास संगणकासमोर असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं की आपली मुलं जन्मतः लहान असली तरी अंगात चरबी राखून असतात. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला. उंचीच्या मानानं दोघांचं वजन सारखंच, पण चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! पोटाभोवतीची ही चरबी मधुमेहाला आमंत्रण देते. म्हणून आपल्याकडे बाईची कंबर ८० आणि पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर गेली, की सावध व्हायला सांगतात. लहानपणी अर्धपोटी आणि चाळिशीनंतर भरल्यापोटी बसून, अशी आपली गत आहे. धोका आपल्यालाच जास्त आहे.

माझे वडील रेल्वेत होते, हे तुम्हाला माहीत आहे. मधुमेहानं त्यांच्या पायाचं बोट काढावं लागलं. माझं वजन ७९ किलो, कंबर ९६ आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.२ आला, तेव्हा मला ते बोटच दिसलं. ६.५ पासून मधुमेह धरतात.

आधी मी जिमचे पैसे भरले आणि अकरा दिवस गेले. मग डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दोन वेळा जेवण ऐकलं, ऋजुता दिवेकरांचं थोडं-थोडं खाणंही वाचलं. दोघांचे सल्ले उलटे, त्यामुळे मी गोंधळले. शेवटी माझ्या धंद्याची युक्ती वापरली. प्रोग्रॅम बिघडला की आम्ही तो सगळा नव्यानं लिहीत नाही, आधी चूक कुठे आहे ते शोधतो. आठवडाभर जे तोंडात गेलं ते सगळं लिहून काढलं. दिवसाला पाच चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर. म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम साखर, तीही भूक नसताना. जागतिक आरोग्य संघटना शक्यतो पंचवीस ग्रॅमच्या आत राहा म्हणते. शिवाय रात्री अमेरिकेशी कॉल संपला की दहा वाजता जेवण आणि लगेच झोप.

मग एका वेळी एकच सवय बदलली. पहिल्या महिन्यात चहा दोनवर आणला आणि बिस्किटं घरात आणणं बंद केलं. समोर नसलं की आठवत नाही. दुसऱ्या महिन्यापासून कॉलच्या आधी, साडेसातला जेवायला लागले. तिसऱ्या महिन्यात, ज्या कॉलवर फक्त ऐकायचं असतं तो चालत ऐकू लागले. रोज पाऊण तास होतो. मग पोळीच्या जागी ज्वारीची किंवा नागलीची भाकरी आणि आपल्या नवापूरच्या तुरीचं घट्ट वरण. भात असतो, पण एकच वाटी. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी परत सुरू, स्वतःला शिव्या द्यायच्या नाहीत.

चौदा महिन्यांत वजन ७० झालं, कंबर ८६, साखर ५.६. अजून सहा सेंटिमीटर बाकी आहेत, म्हणजे मी जिंकलेली नाही. ज्यांची मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू आहे, त्यांनी जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारावं. एकदम साखर उतरणं फार वाईट.

आणखी एक मागणं आहे. आपल्या पाड्यांवर आजही वजन न भरणारी बाळं आहेत. त्यांच्या आईला पोटभर आणि चांगलं खायला मिळणं, हा याच गोष्टीचा पहिला धडा आहे. आपल्या ग्रुपनं वर्गणी काढताना तेवढं लक्षात ठेवावं.

आज जेवणात गुलाबजाम आहेत, मी एक खाणार आहे. उद्या सकाळी सहाला मात्र शाळेच्या फाटकाशी उभी असेन. स्टेशनपर्यंत चालत जाऊ आणि परत येऊ. सर, तुम्हीही या. पूर्वी तुम्ही आम्हाला मैदानाला फेऱ्या मारायला लावायचात, उद्या शिट्टी माझ्या हातात!